हॉलसाठी स्पीकर घेताना: आधी टेप, मग दुकान

आमच्या घरातली पहिली मोठी स्पीकरची जोडी मी दुकानात ऐकून, तिथेच प्रेमात पडून घेतली होती. साडेतीन फूट उंच टॉवर, प्रत्येकात दोन वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे भोंगे. दुकानातली ऐकायची खोली प्रशस्त, खाली गालिचा, भिंतींना जाड कापड. आणि आमचा हॉल १० बाय १५ फुटांचा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका टोकाला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. पहिल्याच संध्याकाळी विलंबित ख्याल लावला, आणि तबल्याच्या प्रत्येक ‘धा’मागे कोणीतरी रिकामं पिंप बडवतंय असं वाटायला लागलं. स्पीकर बिघडलेले नव्हते. दुकानदारानेही फसवलं नव्हतं. आमच्या खोलीला ते झेपत नव्हते, एवढंच. वर्षभराने निम्म्या किमतीला विकले.

खाली दिलेला क्रम त्या बुडालेल्या पैशांतून शिकलेला आहे. वन किंवा टू बीएचकेच्या हॉलमध्ये गाणी आणि टीव्ही दोन्ही ऐकायचं असेल, तर तो कामी येईल. बंगल्यात वेगळी म्युझिक रूम असणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि ते सुखाचे असतात.

खोलीचं माप आणि एक भागाकार

हॉलची लांबी, रुंदी आणि छताची उंची फुटांत मोजा. मग ५६५ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. येणारं उत्तर म्हणजे तो सूर, हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती कंपनं), जो तुमची खोली स्वतःहून फुगवणार आहे. कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी बसते, ती लाट भिंतींवर आपटत राहते आणि विरण्याऐवजी साचते.

आमच्या हॉलचा हिशोब असा: १५ फुटांचे सुमारे ३८ हर्ट्झ, १० फुटांचे ५६, आणि साडेनऊ फूट उंच छताचे ५९. शेवटचे दोन आकडे पाहा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन्हींचा फुगवटा एकाच जागी एकावर एक चढतो. डग्ग्याचा घुमारा साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणजे या फुगवट्याला अगदी लागून. पिंप कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये हॉलची रुंदी १० फुटांच्या आसपास आणि छत साडेनऊच्या आसपास असतं, तेव्हा हे दुखणं फक्त आमचं नाही.

यातून निवडीचा पहिला निकष मिळतो. अशा खोलीत ३५-४० हर्ट्झपर्यंत दणकून उतरणारा स्पीकर आणला, तर तो प्रत्येक फुगवट्यात तेल ओतणार. उलट ज्याचा आवाज ६०च्या खाली हळूहळू उतरत जातो असा लहान स्पीकर इथे जास्त समतोल वाजतो, कारण त्याचं कमी पडणारं काम खोली करते. दुकानात मात्र तोच लहान स्पीकर बारीक वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

आता खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा धातूसारखा प्रतिध्वनी ऐकू आला, तर खोली उघडी आहे: टाइल्स, काच, मोकळ्या भिंती. अशा खोलीत तीक्ष्ण आवाजाचा स्पीकर कानाला बोचेल, झांजा आणि ‘स’-‘श’ टोचतील. यावर सर्वांत स्वस्त उपाय घरातच असतो. जाड पडदे, सोफ्यासमोर मोठी सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट. पाच हजार जास्त देऊन वरचं मॉडेल घेण्याआधी दोन हजारांचे पडदे लावून बघा.

कोण कुठे बसणार, काय ऐकणार

परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये स्पीकर खोलीच्या आखूड भिंतीपाशी ठेवायला सांगतात. आपल्या हॉलमध्ये एका आखूड बाजूला मुख्य दार आणि दुसरीला बाल्कनी. त्यामुळे टीव्ही लांब भिंतीवर येतो, सोफा समोरच्या भिंतीला चिकटून, आणि स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे १० फुटांत सगळं बसवायचं. स्पीकरच्या पेटीची जाडी आणि मागची मोकळी जागा वजा केली, तर ऐकणाऱ्याचा कान स्पीकरपासून सात-आठ फुटांवर राहतो. हे अंतर कागदावर लिहून ठेवा, पुढे वॉटच्या हिशोबात लागेल.

आणखी एक गोष्ट मोजा: बसल्यावर कानाची जमिनीपासूनची उंची. सोफ्यावर ती साधारण ३६ ते ४० इंच भरते. गादी-तक्क्यांची बैठक असेल, तर बरीच कमी. ट्वीटर म्हणजे वरचा छोटा भोंगा, आणि तो कानाच्या पातळीला हवा. सोफ्यासाठी २४ इंची स्टँड बहुतेक वेळा बरोबर बसतो. बैठकीसाठी तोच स्टँड घेतला, तर गाणं डोक्यावरून जाईल, शब्दशः.

मग स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा, या घरात खरोखर काय वाजतं. आमच्याकडे सकाळी सासूबाईंचे अभंग, संध्याकाळी बातम्या आणि मालिका, रविवारी शास्त्रीय किंवा नाट्यसंगीत, आणि महिन्यातून एकदा मुलांचा मारधाडीचा सिनेमा. म्हणजे दहातले आठ तास माणसाचा आवाज. मी निवड त्या आठ तासांसाठी करते. सिनेमातला भूकंप महिन्यातून एकदा थोडा कमी हादरला तर काही बिघडत नाही.

मालिका आणि बातम्या याशिवाय दुसरं काहीच लागत नसेल, तर एक बरा साउंडबार घ्या आणि हा लेख इथेच सोडा. टीव्हीला एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय जोडणीने) जोडला की एकाच रिमोटवर काम होतं.

कोणत्या जातीचा

दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या हॉलला माझं उत्तर ठरलेलं आहे: पाच ते साडेसहा इंची वूफरचे, दोन भोंग्यांचे बुकशेल्फ स्पीकर. नाव बुकशेल्फ असलं, तरी ते पुस्तकांच्या फळीत कोंबायचे नसतात. टॉवरचा विचार अडीचशे चौरस फुटांच्या पुढे.

लहान पेटीला लोक नाक मुरडतात, म्हणून एक दाखला देते. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. गाडीत जागा नाही, आणि आत बसलेल्या तंत्रज्ञाला बोलणाऱ्याचा आवाज खरा येतोय की नाही हे नेमकं कळायला हवं, ही गरज होती. त्याच्यात खर्ज फार खाली जात नाही, पण माणसाचा आवाज इतका खरा की आजही त्याच्या आवृत्त्या बनतात आणि विकल्या जातात. आपल्या हॉलचं आणि त्या गाडीचं दुखणं फार वेगळं नाही.

हवेचं भोक, ज्याला पोर्ट म्हणतात, ते पुढे आहे की मागे हे आमच्यासारख्या घरात किमतीइतकंच महत्त्वाचं आहे. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीपासून किमान फूट-दीड फूट पुढे ठेवता येणार असेल तरच घ्या. शोकेसमध्ये किंवा भिंतीला टेकून ठेवावा लागणार असेल, तर पुढे पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा बघा. भिंतीजवळ गेल्यावर कोणत्याही स्पीकरचा खर्ज वाढतो, कोपऱ्यात सर्वांत जास्त. मागचा पोर्ट त्यात आणखी गुंता करतो.

अ‍ॅम्प्लिफायर आधीपासून नसेल, तर आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर हा सुटसुटीत मार्ग आहे. वायरींचं जंजाळ कमी, टीव्ही आणि ब्लूटूथ थेट जोडता येतात. एक तोटा मला खटकतो: आतलं सर्किट गेलं की सगळी पेटीच दुरुस्तीला पाठवावी लागते. साधा पॅसिव्ह स्पीकर मात्र वीस वर्षं चालतो आणि मधल्या काळात अ‍ॅम्प्लिफायर बदलता येतो. गावात सर्व्हिस सेंटर नसेल, तर पॅसिव्हच घ्या.

कागदावरचे आकडे

नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार-बाराशे वॉट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा) असं लिहिलेलं आठवत असेल. तो आकडा तेव्हाही निरर्थक होता, आताही आहे. फक्त आरएमएस वॉट पाहा, म्हणजे सतत देता येणारी ताकद. आणि त्याहून आधी पाहा सेन्सिटिव्हिटी: एक वॉट दिला की एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा.

हिशोब सोपा आहे. समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे. आपलं सात-आठ फुटांचं अंतर जरा सैल धरून तीन मीटर समजू. तिथे जाईपर्यंत मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल गळतात, दोन स्पीकर असल्यामुळे साधारण तीन परत मिळतात. म्हणजे एका वॉटमध्ये सोफ्यावर सुमारे ८० डेसिबल, आणि बंद खोलीत थोडे जास्तच. एवढ्या आवाजात घरात गप्पा मारायच्या तर ओरडावं लागतं. तबल्याची एखादी जोरकस थाप यापेक्षा १६ डेसिबल वर उसळू शकते, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. १ चे २, २ चे ४, असं करत चाळीसच्या घरात पोचतो. ४० ते ६० खरे वॉट आपल्या हॉलला पुरून उरतात. ८३ डेसिबलचा स्पीकर आवडला, तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतील हे लक्षात ठेवून अ‍ॅम्प्लिफायर निवडा.

‘माझा अ‍ॅम्प्लिफायर छोटा आहे, स्पीकर उडणार नाही’ हा समज उलटा आहे. छोटा अ‍ॅम्प्लिफायर कुवतीबाहेर पिळला की लाटेची टोकं छाटली जातात, आणि त्या छाटलेल्या आवाजाने ट्वीटर आधी जळतो.

इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, ८ किंवा ६ ओहम असेल, तर कोणत्याही घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला चालतं. ४ ओहम असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ४ ओहम लिहिलंय का ते पाहा.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर कुठून कुठपर्यंतचे सूर वाजवतो ते, ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. त्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ नसेल, तर त्या ४०ला अर्थ नाही. त्या सुराशी आवाज दहा डेसिबल खाली गेलेला असला तरी छापायला कोणी अडवत नाही.

दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, ही वायर, कनेक्टर, स्टँड, जुने अ‍ॅम्प्लिफायर यांची ठिकाणं. बऱ्या स्पीकरसाठी मात्र ऐकायची वेगळी खोली असलेलं दुकान शोधा, आणि शनिवार-रविवार सोडून जा. गर्दीच्या दिवशी कोणी तुम्हाला तासभर बसू देणार नाही.

आपलं संगीत आपण न्यायचं. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधला काच फुटल्याचा आवाज आणि परदेशी गिटार प्रत्येक स्पीकरवर छानच वाजतात. मी नेते त्या फाइल्स अशा:

एक, नुसत्या तानपुऱ्याचे दोन मिनिटं. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, पण तिचं सौंदर्य जवारीतून, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेच्या झंकारातून, वर उमलणाऱ्या बारीक सुरांत आहे. वूफर आणि ट्वीटर यांची हद्द साधारण २ ते ३ किलोहर्ट्झला असते. तिथे सांधा नीट नसेल, तर जवारी एकसंध गुंजण्याऐवजी चरचरते. हे गिटारवर कळत नाही, तानपुऱ्यावर अर्ध्या मिनिटात कळतं.

दोन, जुनं मोनो रेकॉर्डिंग, नाट्यसंगीत किंवा अभंग. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, म्हणून गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हवेत उभा दिसायला हवा. तो पसरला, डावीकडे झुकला, तर जोडीत किंवा मांडणीत गडबड आहे. मध्यभागी बसा, मग एका बाजूला सरका. सोफ्यावर तीन माणसं बसतात, आवाज फक्त मधल्यालाच नीट येऊन कसं चालेल?

तीन, विलंबित तबला. डग्ग्याची मींड घसरताना प्रत्येक जागी सारखी ऐकू येते का? मध्येच एखादा सूर फुगून बाकीचे बुडाले, तर ती खोलीची किंवा पेटीची खोड.

चार, आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं पुरुषाचं साधं निवेदन. छातीतून बोलल्यासारखं अति घुमलं, किंवा नाकातून आल्यासारखं वाटलं, तर मी पुढे ऐकतच नाही. माणसाच्या बोलण्याला आपला कान सर्वांत सरावलेला आहे.

भजनातल्या टाळ-झांजांचं एखादं रेकॉर्डिंग शेवटी. पाच मिनिटांत कान दुखला, तर घरी पाच तासांत डोकं दुखेल.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. फोनवरचं डेसिबल मोजणारं फुकट अ‍ॅप यासाठी पुरेसं आहे. दोन्ही जोड्यांना फोन सोफ्यावर त्याच जागी ठेवून एकच आकडा येऊ द्या. एखाद-दोन डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, आणि विक्रेत्यांना हे आपल्याआधी माहीत असतं. अ‍ॅम्प्लिफायरवरची लाउडनेस, बास, ट्रेबल ही बटणं शून्यावर आहेत आणि सबवूफर (फक्त खर्जाची वेगळी पेटी) बंद आहे हेही तपासा.

शक्य असेल तर सोबत कोणाला तरी न्या आणि पाठ करून बसा. जोडी त्याने बदलायची, तुम्ही न बघता सांगायचं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये हेच पद्धतशीर करून पाहिलं. स्पीकर दिसत असताना लोकांनी दिलेली पसंती आणि पडद्याआड ऐकून दिलेली पसंती वेगळी निघाली. आकार, रूप आणि नाव कानावर स्वार होतात. कानाची वर्षानुवर्षं तालीम झालेली माणसंही त्यातून सुटली नाहीत.

नावांबद्दल थोडंच. कोलकात्याची सोनोडाइन, ब्रिटनच्या व्हार्फडेल आणि केईएफ, डेन्मार्कची डाली, यांची लहान मॉडेल्स ऐकून पाहण्यासारखी असतात. एवढ्या नावांवर अडून राहू नका, पण पहिल्यांदाच ऐकलेल्या नावाला ‘एकावर एक फ्री’ बघून हातही घालू नका. पैशांची वाटणी विचाराल, तर एकूण रकमेतला निम्म्याहून थोडा जास्त भाग स्पीकरला, उरलेल्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्टँड.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: दोन दिवस घरी ऐकायला देता का? ओळखीची दुकानं अनामत घेऊन देतात. नाही म्हणाले, तर निदान बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

जुने घेत असाल तर

वूफरच्या कडेची गोल पट्टी आधी बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल, तर दहा-पंधरा वर्षांत ती चुरा होऊन पडते, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत लवकर. रबराची पट्टी टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी वूफरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, सरळ आत ढकला. आत घासल्याचा आवाज आला, तर नमस्कार करून बाहेर पडा. पेटीचा तळ बघायला विसरू नका. बहुतेक पेट्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) असतात आणि रोज लादी पुसताना पाणी लागून तळ फुगलेला असतो. मागच्या पोर्टमध्ये टॉर्च मारा. आमच्या एका जुन्या जोडीत झुरळांचा अख्खा संसार निघाला होता.

जोडणी

तांब्याची १.५ चौरस मिलीमीटरची साधी दुतारी वायर १५-२० फुटांपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला पुरते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. हजारो रुपये फुटाची वायर विकणारा माणूस तुमच्या पडद्यांचे पैसे नेतो आहे.

लाल ते लाल, काळं ते काळं, दोन्ही स्पीकरना. एका बाजूला उलट झालं तर आवाज बंद पडत नाही, म्हणून चूक लक्षात येत नाही. फक्त खर्ज गायब होतो आणि गायक मध्यभागी सापडत नाही. वायरीचे रंग समजत नसतील, तर अ‍ॅम्प्लिफायरपासून वायर काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. सेलचं अधिक टोक लालला असेल, तर वूफर पुढे उडी मारतो.

घुरर आवाज येत असेल, तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा. आधी अर्थिंग तपासा. तीन पिनांची पिन दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून घुरघुर थांबवणं हा उपाय नव्हे, धोका आहे.

मांडणी

दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून कानापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा. सात फुटांवर बसत असाल, तर सहा-सात फूट. स्पीकर किंचित आत, ऐकणाऱ्याकडे वळवा. बाजूच्या भिंती दोन्हींना सारख्या नसतात, एकीकडे दार, एकीकडे शोकेस. जिथे भिंत जवळ आहे, तिथे घरातल्या कोणाला तरी आरसा भिंतीवर सरकवायला सांगा आणि तुम्ही सोफ्यावर बसा. आरशात ज्या जागी ट्वीटर दिसेल तिथून आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. तिथे पडदा, पुस्तकं, कापडी चित्र, काहीही चालेल. शोकेसमध्ये ठेवावेच लागले, तर पेटीचं तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे आणा आणि खाली रबराचे तुकडे घाला.

पिंप अजूनही वाजत असेल, तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. भिंतीपाशी साचलेल्या लाटेचा जोर सर्वांत जास्त असतो, तिथून कान थोडा सुटला की फरक लगेच कळतो. आमच्याकडे या एका फुटावरून आठवडाभर चर्चा झाली, कारण ‘मधेच सोफा काय म्हणून’. शेवटी सोफ्यामागे पुस्तकांची अरुंद मांडणी आली, आणि सगळ्यांची सोय झाली. तरीही घुमलं, तर मागच्या पोर्टमध्ये एक स्वच्छ मोजा गुंडाळून कोंबा. हसू नका, कंपन्याही याच कामासाठी फोमची बुचं देतात.

सबवूफर निदान पहिले तीन महिने घेऊ नका. घेतलाच, तर त्याला सोफ्यावर ठेवा, तबला लावा, आणि हातापायांवर रांगत खोलीभर फिरा. जिथे डग्गा सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. शेजारी दार वाजवतील ते वेगळं. खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर सहज उतरतो, आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर सबवूफरचं बटण बंद.

पावसाळ्यात पेट्या बाल्कनीच्या दारापासून आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर.  मूळ खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर असू द्या.

एवढं सगळं जमलं की स्टँडच्या चारी कोपऱ्यांशी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा. आमच्या मावशी झाडताना स्टँड भिंतीपर्यंत सरकवतात आणि मग अंदाजाने परत ठेवतात. आता त्या स्वतःच पट्टी बघून ठेवतात. मागच्या महिन्यात उजवा स्पीकर दोन बोटं मागे राहिला होता, तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, “आज बुवा कोपऱ्यात का बसलेत?”